गोरक्ष गुळव्या काहिलीतून घरी आला

माणूस गुळाच्या काहिलीत बसून कोपरगावापासून प्रवरासंगमापर्यंत गोदावरीतून येतो, असं कुणी सांगितलं तर तुम्ही आधी सांगणाऱ्याचं तोंड हुंगाल. खुशाल हुंगा. पण गोरक्ष आला, हे खरं. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर, तेरा दिवस पाण्यावर काढून आला. संगमाच्या घाटावर त्या वेळी शे-दीडशे माणूस होतं, त्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्यातलं एकही माणूस ही गोष्ट हसत सांगत नाही.

काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. आठ फूट रुंद, बूड सपाट, चारी बाजूंना कड्या. सहा गडी लागल्याशिवाय ती जागची हलत नाही, पण पाण्यात सोडली की झकास तरंगते. पूर आला की नदीकाठची माणसं काहिलीत बसून या तीराची त्या तीराला जातात, त्यात काही विशेष नाही. पण काहिल घेऊन कुणी गावाला निघत नाही. कारण ती सरळ चालतच नाही! एक वल्हं मारलं की स्वतःभोवती फिरते, दुसरं मारलं की उलटी फिरते. गोरक्षनं पहिल्या दिवशी कोपरगावचा पूल सात वेळा पाहिला म्हणे, कधी पुढं, कधी मागं.

हा गोरक्ष मूळचा बोरवाडीचा. संगमाच्या खाली कोसभरावर आमची ही वाडी. कोपरगावकडं काकासाहेब म्हणून एक बागायतदार होते, त्यांच्या गुऱ्हाळावर हा सव्वीस हंगाम गुळव्या होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा धनीच म्हणा ना. रस कधी उकळला, मळी काढायला रानभेंडीचं पाणी कधी टाकायचं, पाक कधी उतरवायचा, हे त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गोरक्षला तर पाकाकडं बघावंही लागत नसे. चुलवाणाकडं पाठ करून बिडी ओढत बसायचा आणि पाकाच्या नुसत्या आवाजावरून म्हणायचा, "उतरवा रं, झाला." आणि तो झालेलाच असायचा. कान असा तिखट की चार शेतं पलीकडून कुणाची गाडी येते ते सांगायचा. हे कानाचं ध्यानात ठेवा.

दोष म्हणाल तर एकच. माणूस अतोनात गप्पिष्ट. हंगाम संपवून वाडीला आला की पारावर त्याच्या बढाया सुरू. त्यातली एक ठरलेली, "गुऱ्हाळ बंद झालं की काकासाहेब काईल मलाच देनार हायेत. आन मी ती टेंपोत घालून आननार न्हाई. मी काईलीत बसून पान्यातनं येनार, राजावानी!"

त्याची बायको रतनबाई. ठेंगणी, काळीसावळी, जिभेची भलती धारदार. ती दारातूनच ओरडायची, "गप्पा मारायला काय सारा भरावा लागतोय व्हय? या की एकदा! संगमावर येऊन ओवाळते तुमाला, सगळ्या गावादेखत. न्हाई ओवाळलं तर बापाचं नाव लावनार न्हाई."

"ध्यानात ठिवा रं हिचं बोलनं!" गोरक्ष पारावरच्या लोकांना म्हणायचा. वीस वर्षं हेच चाललं होतं. वाडीतल्या पोराबाळांनासुद्धा ते तोंडपाठ झालं होतं.

तर त्या साली काकासाहेबांनी ठरवलं की आता गुऱ्हाळ पेटवायचं नाही, सगळा ऊस कारखान्याला घालायचा. कोजागिरीला गुळाचं शेवटचं एक आधण उतरवलं. गोरक्षनं त्यातली एक छोटी ढेप वेगळी थापली, पिवळीधमक. रतनबाईच्या तबकात टाकायला. बाई ओवाळणार म्हटल्यावर ओवाळणी नको का? सव्वीस वर्षं दुनियेचं तोंड गोड केलं, पण घरी चहात कारखान्याचीच साखर, हे ती येताजाता ऐकवायची. ते एकदाचं बंद करायचं होतं त्याला.

काकासाहेबांनी शब्द पाळला. म्हणाले, "गोरक्ष, काहिल तुझी." पण त्यांचा थोरला मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, अशा वस्तू वाटायच्या असतात का? भंगारवाला उद्याच यायचाय." काकासाहेबांनी त्याला गप्प केलं. तो गप्प बसला खरा, पण ते वाक्य गोरक्षच्या काळजात रुतून बसलं. सकाळी हे मागं फिरतील, या धास्तीनं त्यानं उजाडायच्या आत सहा गडी गोळा केले आणि काहिल नदीत ढकलली. नेवाशाकडं जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप धाडला, "बोरवाडीला सांगा, काईलीतनं निघालोय. सात-आठ दिवसांत संगमावर पोचतो. म्हनावं, आरती तयार ठेव."

पहिले दोन दिवस म्हणजे नुसती जत्रा होती. धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. म्हशी वर येऊन फुरफुरायच्या. एक म्हातारा तर हात जोडून उभा राहिला, त्याला वाटलं कुठला साधूच आलाय. गोरक्ष पाक ढवळायच्या लांब फावड्यानं वल्हवत होता, गावोगावी भाकरी मिळत होती, गप्पांना तोटा नव्हता. आयुष्यात इतका खूश तो कधी नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुणतांबं मागं पडलं. दोन्ही काठांना पार पाण्यापर्यंत ऊस. पाऊस सरलेला, बंधाऱ्यांना फळ्या टाकायला सुरुवात झालेली, त्यामुळं पाणी अगदी निपचित पडलेलं. मासा उडाला तरी ऐकू यावं. आणि त्या शांततेत उसापलीकडून आवाज आला, फटफट फटफट. गोरक्षनं वल्हं थांबवलं. राजदूत. काकासाहेबांच्या थोरल्याची. तो आवाज यानं झोपेतसुद्धा ओळखला असता.

गाडी थांबली. आणि हाक आली.

"गोरक्षमामाऽऽ! ओ गोरक्षमामा! थांबाऽऽ!"

गोरक्षला वाटलं, आला! काहिल परत न्यायला आला! त्यानं एक शब्द काढला नाही. फावडं चिखलात रोवून काहिल काठच्या वाकलेल्या बाभळीखाली ओढली आणि आत आडवा पडून राहिला. हाका येत होत्या. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. ऊस खसाखसा वाजत होता. गोरक्ष लोखंडाला गाल लावून पडला होता आणि मनात म्हणत होता, वरड बाबा, काय वरडायचं ते वरड. तासाभरानं गाडी चालू झाली आणि आवाज लांब गेला. तेव्हा हा उठला आणि स्वतःशीच खुदकन हसला. आपण फार मोठी हुशारी केली असं त्याला वाटलं.

तिथून पुढं त्यानं गावं टाळली. दिवसा कुठंतरी झाडीत काहिल दडवायची, पहाटे आणि दिवेलागणीला वल्हवायचं. काठावरून कुणी "ओ काईलवाले!" म्हणून हाक दिली की हा पलीकडच्या काठाला. बंधारा लागला की मग तर पंचाईतच. काहिल उचलून पलीकडं टाकायला माणसं हवीत, आणि गावात तर जायचं नाही. एका बंधाऱ्यावर तीन दिवस बसून राहिला. शेवटी पूर्वेकडच्या दुष्काळी गावांतली एक ऊसतोड टोळी गाड्या घेऊन चालली होती, त्यांनी बैल जुंपून काहिल ओढून दिली. बिचाऱ्यांना ना याचं गाव माहीत ना याची माणसं. असे आठाचे तेरा दिवस झाले. भाकरी संपली, उसाच्या कांडक्यांवर पोट भरलं. पण फडक्यात बांधलेल्या ढेपेला त्यानं हात लावला नाही.

तेराव्या दिवशी सकाळी पाणी रुंद होऊ लागलं. धरणाचा फुगवटा थेट संगमापर्यंत येतो, तो लागला. गोरक्षनं तोंड धुतलं, धोतर झटकलं, पटका नीट बांधला. काठावरच्या एका मळ्यातून झेंडूची दोन फुलं तोडली होती, ती पटक्यात खोवली. आता भ्यायचं कारण नव्हतं. आपली हद्द आली होती.

वळण घेतलं आणि देवळांची शिखरं दिसली. मग घाट दिसला. आणि घाटावर, अरे बापरे, केवढी माणसं!

गोरक्ष काहिलीत ताडकन उभा राहिला. काहिल डुचमळली. त्याचे डोळे भरून आले. सगळी बोरवाडी आली होती! तो छगन, रतनबाईचा भाऊ, उंच धिप्पाड, लांबूनच ओळखू येत होता. त्या वाडीच्या बाया, एकीकडं बसलेल्या. मधे फुलं दिसत होती, दिवा दिसत होता. म्हणजे बाईनं शब्द पाळला म्हणायचा! वीस वर्षं जिनं खिल्ली उडवली, ती खरंच आरती घेऊन आली.

"कल्याणच्या आईऽऽ!" तो ओरडला. "आलोऽऽ! आन की आरती!"

घाटावरची सगळी डोकी वळली. कुणी हात केला नाही.

"ओ कल्याणच्या आई! बापाचं नाव लावायचं हाय ना? ये की म्होरं!"

कुणी ओ दिली नाही. गोरक्षला वाटलं, ही हिचीच मस्करी. बायांच्या मागं लपली असणार. त्यानं फावडं जोरात मारलं आणि तिसरी हाक दिली, "रतनऽऽ!" तशी बायांतून एक हंबरडा फुटला.

काहिल घाटाच्या पायरीवर आदळली. ठण्णकन असा आवाज झाला की देवळावरचे कावळे एकदम उडाले आणि नदीपार गेले. समोर एक उघडाबोडका पोरगा उभा होता, डोक्याचा गोटा केलेला, मिशी उतरवलेली, ओलं धोतर नेसलेला. हा कोण, म्हणून गोरक्ष बघत राहिला. मग त्या पोरानं "आबा" म्हटलं, तेव्हा त्याला कळलं की हा आपला कल्याण आहे.

पायरीवर केळीच्या पानात भाताचे पिंड मांडले होते. सकाळपासून कावळा शिवत नव्हता. "तुज्या लेकीचं, पंकजाचं, माहेर तुटू देनार न्हाई", "तुजी म्हैस इकनार न्हाई", अशी एकेक बोली छगन पिंडासमोर बोलून थकला होता. शेवटी कुणीतरी म्हणालं होतं, नवऱ्यात जीव अडकलाय तिचा. आणि बरोबर त्याच वेळेला नवरा पाण्यावरून आरती मागत आला होता. आता सांगा, कुणाच्या तोंडातून शब्द फुटणार होता?

"कोन गेलं?" गोरक्षनं विचारलं. समोर सगळं मांडलेलं दिसत असूनसुद्धा विचारलं. "कोन गेलं रं?"

छगननं त्याला काहिलीतून हाताला धरून उतरवलं आणि पायरीवर बसवलं. गोरक्ष बसला. पटक्यातला झेंडू तसाच होता. कुणीतरी पुढं होऊन तो हळूच काढून घेतला, तेही त्याला कळलं नाही.

मग कल्याणनं सांगितलं. गोरक्ष निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप पोचला. आईनं हसून हसून सगळ्या वाडीला सांगितला. तबक चिंचेनं घासलं. त्याच सांजेला म्हशीला घासगवत कापताना तिला घोणस चावली. नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कठीण आहे, माणसं बोलावून घ्या.

"मी रातोरात कोपरगाव गाठलं, आबा," कल्याणचा आवाज अजून फाटलेलाच होता. "काकासाहेब म्हनले, तो तर पान्यातनं गेला. मग त्यांच्या थोरल्यानं गाडी काढली. काठाकाठानं हुडकत आलो. पुनतांब्याच्या खाली एक गुराखी म्हनला, आत्ता म्होरं गेली काईल. माजा घसा बसलेला, तोंडातनं आवाज फुटंना. म्हनून त्येच हाका मारीत हुते, बेंबीच्या देठापासून. तासभर उसातनं पळालो आमी. पर तुमी दिसलाच न्हाई."

गोरक्ष बसल्या जागी पुढं सरकला.

"तवा," तो म्हणाला, "तवा आई जिती हुती?"

"हुती. बोलत हुती. दुसऱ्या दिवशी पहाटं गेली."

"काय बोलत हुती?"

"आबा आलं का, येवढंच."

छगननं गोरक्षच्या पाठीवर हात ठेवला. "तुजा काय दोष, दाजी? पान्याच्या आवाजात कुटनं ऐकू जानार?" लगेच चार माणसं हो हो म्हणाली. नदीत ऐकू येत नाही. वारं असतं. ऊस असतो मधे. सगळी त्याला सावरून घेत होती. त्यानं नुसती मान खाली घालायची होती, दुसरं काही करायचं नव्हतं. तेवढ्यावर सगळं मिटत होतं, जन्मभरासाठी.

तेवढ्यात बायांतून पंकजा उठली. ही त्याची थोरली लेक, दिसायला थेट आईच. तिच्या हातात ते घासलेलं तबक होतं. तिनं पिंडाजवळच्या दिव्यावर निरांजन लावून घेतलं आणि बापाच्या समोर येऊन उभी राहिली.

"अगं सुतकात ओवाळत्यात व्हय?" एक म्हातारी ओरडली. "येडी झाली का तू?"

"आईचं बोलनं हाय," पंकजा म्हणाली. "दवाखान्यात मला म्हनली, त्यांनी आपलं बोलनं खरं केलं, माजं खोटं पडू देऊ नको. मी नसले तरी ओवाळ." ती बापाकडं वळली. "उटा, आबा."

गोरक्ष उठला. तबक त्याच्या तोंडासमोर आलं. निरांजनाची वात वाऱ्यानं थरथरत होती आणि पंकजा दुसऱ्या हाताचा आडोसा धरून होती. त्या उजेडात त्याला लेकीच्या तोंडावर रतनबाईच दिसली. मग त्याला राहवेना.

"थांब, पंके."

सगळे थांबले.

"मला ऐकू आलं हुतं," गोरक्ष म्हणाला. "समद्या हाका ऐकू आल्या. गाडीबी वळखली मी. मला वाटलं काईल न्ह्यायला आला. म्हनून बाभळीखाली दडून बसलो. तासभर. ऐकत हुतो आन ओ दिली न्हाई."

छगनचा हात पाठीवरून आपोआप निघाला. कल्याण एकदा बापाकडं आणि एकदा त्या काहिलीकडं बघत राहिला. त्याला तो ऊस आठवत असणार, हाताला कापणारी ती पाती आठवत असणार. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी आपलं बोडकं डोकं धरलं.

पंकजाचं तबक तसंच हवेत होतं. मग तिनं ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांतून पाणी नाही, काही नाही.

"आईनं सांगितलं म्हनून," ती म्हणाली. "तुमच्यासाटी न्हाई."

गोरक्षनं फडकं सोडून ढेप तबकात ठेवली. तिनं ती उचलली, पिंडाशेजारी नेऊन ठेवली, आणि मागं न बघता पायऱ्या चढून गेली.

त्या गोंधळात पिंडाकडं बघायचं कुणाला भान नव्हतं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले तेव्हा त्यांनी पाहिलं, तर भात विस्कटलेला होता. कावळा शिवला, का कुत्र्यानं तोंड घातलं, कुणीच पाहिलं नाही. छगन म्हणतो शिवला. कल्याण त्यावर काही बोलत नाही.

याला आता पाच वर्षं झाली. काहिल वाडीच्या वेशीबाहेर पालथी पडलीय, तिच्याखाली कोंबड्या बसतात. भंगारवाला दोनदा विचारून गेला, गोरक्षनं त्याला नुसतं हातानं जा म्हणून सांगितलं. गप्पा त्याच्या त्या दिवशीच सरल्या. पारावर येतो, कडेला बसतो. पण कुठंही कुणी हाक मारली, कुणालाही मारली, की हा "ओऽऽ!" म्हणून ताडकन उठतो. घोडेगावच्या बाजारात एवढ्या बैलांच्या गलक्यात कुणीतरी आपल्या माणसाला हाक देतं, आणि हा हातातली भाकरी टाकून "ओ, आलो, आलो" करत धावतो. नवखी माणसं हसतात. वाडीची हसत नाहीत. कान अजून तसाच तिखट आहे ना.

पंकजा दर अमावस्येला माहेरी येते. बापाची धुणी धुते, दोन दिवसांच्या भाकरी थापून ठेवते. तो ओट्यावर बसून असतो, कान घराकडं लावून. ती ताट वाढते, त्याच्या पुढ्यात आणून ठेवते आणि आत जाते. पाच वर्षांत तिनं त्याला एकदाही हाक मारलेली नाही.